सतराशे फुटांवरचे सर

आमच्या शाळेत एक सर होते. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, विषय राहत. मी गणित शिकवायचो म्हणून ते मला गणित म्हणत. "काय गणित, चहा?" संस्कृतच्या बाईंना ते संस्कृत म्हणत आणि चित्रकलेच्या सरांना चित्रकला. मुख्याध्यापकांना मात्र साहेब म्हणत, कारण ते काहीच शिकवत नसत.

ते स्वतः भूगोल होते.

मी इंदापूरच्या त्या शाळेत लागलो तेव्हा गावात नुकते एसटीडीचे बूथ निघाले होते. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "गाव कुठलं?"

"कऱ्हाटी. बारामती तालुका."

"उंची?"

"पाच फूट सहा इंच."

"तुमची नव्हे. गावाची."

मला गावाची उंची माहीत नव्हती. एखाद्याला आपल्या आईचं नाव सांगता आलं नाही तर आपण जसं बघू, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग समजावून सांगितलं की इंदापूर समुद्रसपाटीपासून सतराशे फुटांवर आहे, बारामतीही जवळपास तेवढंच, कऱ्हाटी फार तर शे-दोनशे फूट वर. "म्हणजे आपण सगळे एकाच पाटावर जेवायला बसलोय," ते म्हणाले. "इथं प्राण्यांनी राहावं तरी कशाला?"

सरांचा जीव नेपाळमध्ये होता. नववीच्या पुस्तकात शेजारी देशांवर एक धडा होता आणि त्यात नेपाळला दीड पान दिलेलं होतं. सर ते दीड पान दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शिकवत. बाकीचे लोक देशाचा नकाशा फळ्यावर पसरून काढतात, सर उभा काढत. फळ्याच्या डाव्या तळाला तराईचं जंगल, तिथून रेघ चढत चढत उजव्या वरच्या कोपऱ्यात बर्फापर्यंत. तळाशी गेंडा, वाघ आणि सुसर. त्याच्या वर भेकर आणि घोरल. आणखी वर कस्तुरी मृग, लाल पांडा, डांफे नावाचा मोरासारखा चमकणारा पक्षी. सगळ्यात वर निळसर मेंढ्या आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या. बर्फाच्या वर ते काही काढत नसत. "तिथं फक्त देव आणि गिर्यारोहक," ते म्हणत. "दोन्ही आपल्या अभ्यासक्रमात नाहीत."

"देश बारका, पण उभा" हे त्यांचं वाक्य नववीच्या प्रत्येक मुलाला पाठ होतं. त्याचा अर्थही ते सांगत. जगातल्या प्राण्यांची मोठमोठी राज्यं आहेत. एक आपल्याकडचं, गरम देशांचं. दुसरं वरचं, थंड देशांचं. ती दोन्ही नेपाळच्या डोंगरात एकमेकांना टेकतात. "बारामती आणि इंदापूर तालुक्याची हद्द असते तशी हद्द आहे ती. फक्त आपली जमिनीवर आडवी आहे, त्यांची डोंगरावर उभी. खालचा प्राणी वर जात नाही, वरचा खाली येत नाही. आणि कुणी दगड रोवलेला नाही." दोन दिवस डोंगर चढला की माणूस जणू इंदापुरातून निघून रशियाच्या टोकाला पोचतो, हे त्यांना जगातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटे. त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. सर उत्तरेला नगरच्या पुढं कधी गेलेले नव्हते.

बाजारात रात्रीच्या गस्तीला नेपाळी गुरखे असत. सर प्रत्येकाला गाठून विचारत, "आपका गाव कितने फूट पे है?" एकजण म्हणाला, "मालूम नहीं साब. बहुत ऊपर." सर दोन दिवस नाराज होते. "आपल्या गावाची उंची माहीत नसलेला माणूस बाजाराची राखण काय करणार?"

एकदा तपासणीला शिक्षणाधिकारी आले. त्यांनी नववीतल्या एका मुलाला विचारलं, "आपल्या भागात कोणते वन्य प्राणी आढळतात?"

मुलगा ताठ उभा राहिला. "कस्तुरी मृग. आठ हजार फुटांच्या वर."

"इंदापुरात?"

"इंदापूर तेवढं उंच नाही साहेब," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात खरी दिलगिरी होती.

तपासणीच्या शेऱ्यात सरांबद्दल चार ओळी आल्या. मुख्याध्यापकांनी त्या त्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. सर म्हणाले, "मुलानं उंची बरोबर सांगितली हे त्यात लिहिलेलं नाही."

मुख्याध्यापकांचं आणि त्यांचं पटत नसे. त्याला नेपाळ हे एकच कारण नव्हतं. सर विचित्र होतेच. व्हरांड्यातून ते भिंतीला खांदा घासत चालत. समोरून आलात तर हसून बोलत, पण बाजूनं हाक मारली किंवा नुसता हात केला तर खांबाला करावा तसा तो वाया जाई. शिपायानं उजवीकडून चहाचा कप पुढं केला की तो कप तसाच हवेत राही. मानी माणूस आहे, असं सगळे म्हणत. शाळेची मीटिंग कितीही महत्त्वाची असो, दिवस कलायला लागला की सर उठत आणि काही न बोलता घरी जात. आपली चांगली सायकल त्यांनी एके दिवशी शिपायाला देऊन टाकली. का, तर म्हणे चालल्यानं उंची कळते. जिन्याच्या पायऱ्या ते मोजत. आम्ही आपापसात हसायचो.

मग ती यात्रा निघाली. दिवाळीच्या सुट्टीत बारामतीहून काशी-प्रयाग करून नेपाळला पशुपतिनाथापर्यंत जाणारी बस. सोबत आचारी, गॅसच्या शेगड्या, पिठाची पोती. माझ्या आईचा पशुपतिनाथाचा नवस होता, म्हणून मी तिला घेऊन जाणार होतो. शिक्षकांच्या खोलीत हे बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गाच्या दारात उभे. "गणित, मी पण येतोय."

"सर, देवदर्शनाची यात्रा आहे ती."

"जाताना रस्ता लागेल ना?"

निघायच्या दिवशी त्यांच्या मंडळी बसपर्यंत आल्या होत्या. सरांच्या गळ्यात एक जुनी दुर्बीण होती. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, उतरताना चढताना त्यांचा हात धरा. ते नको म्हणतील. तरी धरा." मला वाटलं, बायकांची काळजी असते ती.

बसमध्ये चाळीसेक म्हातारी माणसं. त्यांत इंदापूर तालुक्यातल्याच वरकुट्याचे एक आबा होते. सारा जन्म मेंढरांच्या मागं हिंडलेले. दोन वर्षांपूर्वी मुलांनी मेंढरं मोडली आणि ऊस लावला, तेव्हापासून आबांना घरात काही काम नव्हतं. ते खिडकीशी बसून रस्त्याकडंची शेरडं-मेंढरं बघत आणि मत देत. "ह्या मेंढीच्या पायाला खुरी झालीया." बस साठच्या वेगानं चाललेली असे.

सरांनी नर्मदेपासूनच उंची सांगायला सुरुवात केली होती. गंगा ओलांडली, गोरखपूर गेलं, सीमा आली. तराईचा सपाट रस्ता लागला तेव्हा ते जागेवरून उठले आणि सगळ्या बसला उद्देशून म्हणाले, "आता आपण गेंड्याच्या पट्ट्यात आहोत." आजीबाईंनी गेंड्याला उद्देशून हात जोडले. माझी आई माझ्या कानाशी लागली. "तुझे हे सर देवाला आल्यात का जनावरं मोजायला?"

एकही गेंडा दिसला नाही. म्हशी दिसल्या. पुढं डोंगर सुरू झाले आणि खाली त्रिशूली नदी लागली. सर काचेला नाक लावून बसलेले. बस वळणं घेत होती, आईसकट अर्धी माणसं लिंबू चोखत होती, आणि सर दर थोड्या वेळानं नुसती उंची पुटपुटत होते.

दुपारी बारा वाजता बस थांबली. पुढं एक ट्रक रस्त्यावर आडवा झाला होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. चार-पाच तास लागतील, असं ड्रायव्हर म्हणाला. आचाऱ्यानं शेगडी उतरवली. बायकांनी रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकल्या.

मी, सर आणि आबा कठड्याशी जाऊन उभे राहिलो. समोर नदीपलीकडं सरळ उभा कडा. मधूनमधून पिवळं गवत, झुडपं, परत दगड. आबांनी कपाळावर आडवा हात धरला.  मग म्हणाले, "मास्तर, ह्यो कंचा परकार हाय?"

"कुठं?" सर म्हणाले.

"त्या पांढऱ्या दगडाच्या वर. गवताच्या कडंला. उभं हाय बघा."

मी बघितलं. मला एक तपकिरी दगड दिसला. मग दगडानं मान वळवली.

"दिसलं!" मी ओरडलो. "सर, दुर्बीण लावा."

सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. ती डावीकडं फिरली, उजवीकडं फिरली, वर गेली, खाली आली. मी सांगत होतो, पांढरा दगड, त्याच्या वर, अजून वर.  आबा त्यांच्या मागं गेले आणि कोकराचं धरावं तसं दोन्ही हातांनी सरांचं डोकं धरून नेमकं तिकडं वळवलं. "आता नाकासमूर बघा."

सर बघत राहिले. मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली, गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली.

"मला उपयोग नाही," ते म्हणाले. "गणित, मला फक्त मधलं दिसतं. पुंगळीतून बघितल्यासारखं. कडेचं सगळं गेलंय. पुण्याच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं. आधी रात्रीचं जातं, मग कडेचं, शेवटी मधलंही. एवढा मोठा डोंगर मी सुईच्या भोकातून कुठं शोधू?"

 भिंतीला घासणारा खांदा, हवेत राहिलेला चहा, दिलेली सायकल, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि आम्ही किती हसलो होतो तेही आलं.

"शाळेत कुणाला माहीत आहे?"

"नाही. भूगोल काढून घेतील. ऑफिसात बसवून ठेवतील." मग ते आबांकडं वळले. आवाज एकदम वर्गातला झाला. "आबा, जनावर आहे ना अजून?"

"हाय की."

"हलू नका. तुम्ही सांगा, मी ओळखतो. केवढं आहे?"

"बोकडाएवढं. पर बोकड न्हाय."

"हरीण?"

"हरीण बी न्हाय. मधलंच कायतरी हाय. चाल शेळीची, तोंड हरणाचं."

सरांनी एक पाऊल पुढं टाकलं. मी त्यांचा दंड धरला. ते नको म्हणाले नाहीत.

"मानेवर केस लोंबतायत का? सिंहासारखे?"

"छ्या. मान साफ हाय."

"म्हणजे थार नावाचा रानबोकड नाही. दाढी?"

"न्हाय."

"शिंगं?"

"वीतभर. मागं वळल्यात. दोन्ही सारखी."

"पाठीवर काय आहे?"

"काळी वळ हाय, मानंपासनं शेपटापतुर."

 मी सरांच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटचा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला, जसं काही मोठ्यानं विचारलं तर ते जनावर पळून जाईल.

"आबा, गळा बघा. गळ्यावर काही आहे?"

आबांनी डोळे बारीक केले. "हाय. पांढरं हाय. चुन्याचं बोट लावल्यावानी."

"घोरल!" सर म्हणाले. "घोरल आहे, गणित! शेळी आणि हरीण यांच्या मधला! आबा, तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत, शास्त्रज्ञांनाही तेच म्हणायचंय!"

"पळालं," आबा म्हणाले. "तुमी वरडलासा."

सर कठड्यावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. तो बराच वेळ पुसत राहिले. मग पिशवीतून वही काढून डोळ्यांजवळ धरली आणि लिहिलं. मला वाचायला दिली. घोरल, एक. पाहिला: वरकुट्याचे आबा. ओळखला: मी. साक्षीदार: गणित.

माझ्या आईनं हे सगळं सतरंजीवरून बघितलं-ऐकलं होतं.  तिनं येऊन सरांच्या हातात दोन लाडू ठेवले. उजवीकडून नाही, अगदी समोरून.

काठमांडूला आम्ही पशुपतिनाथाचं दर्शन घेतलं. आईचा नवस फिटला. देवळाच्या आवारात खूप माकडं होती. सर म्हणाले, ही खालची आहेत, प्रसादासाठी वर चढून आलीत. बाकी काही पाहायला मिळालं नाही. कस्तुरी, पांडा, हिमबिबट्या, सगळे आणखी वर होते आणि आमची बस आणखी वर जात नव्हती.  परतीच्या वाटेवर सर आबांच्या शेजारी जाऊन बसले. मी मागच्या बाकावरून ऐकत होतो.

आबा म्हणाले, "आमच्या माळाला बी हायती की जनावरं. लांडगा हाय. खोकड हाय. चिंकारा हाय. तरस मातूर आता दिसत न्हाय."

"किती फुटांवर?" सरांनी सवयीनं विचारलं.

"फुटं न्हाय ठावं. घराच्या मागं."

 सरांनी वही उघडली. "सांगा. एकेक सांगा. सावकाश."

गोरखपूरपासून जबलपूरपर्यंत आबा सांगत होते आणि सर लिहीत होते.

शाळा उघडली त्या दिवशी सर माझ्यादेखत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "साहेब, मला कडेचं दिसत नाही. चार वर्षं झाली. पुढं समोरचंही दिसणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा."

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "म्हणजे व्हरांड्यात मी नमस्कार करायचो तो..."

"कधी केलात?"

"रोज करायचो," मुख्याध्यापक म्हणाले. "वर्षभर केला. मग सोडून दिला. मला वाटायचं, तुम्ही मला मोजत नाही."

"तुम्ही कुठल्या बाजूनं येत होता?"

"डावीकडून."

"मग नाही दिसणार," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नववीचा वर्ग तळमजल्यावर आला. का आला, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी नमस्कार परत सुरू केला, समोरून आणि मोठ्यानं. संस्थेला कळायचं तेव्हा कळलं, पण त्याला अडीच वर्षं लागली आणि तोवर सरांनी भूगोलच शिकवला. फळ्यावरचा उभा नेपाळ ते न बघता काढत. रेघ जरासुद्धा चुकत नसे. घोरल आला की खडू थांबे आणि ते सांगत, "हा मी पाहिलेला नाही. वरकुट्याच्या आबांनी पाहिलाय. मी फक्त नाव सांगितलं." मुलांना वाटे, सर विनय दाखवतायत.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी सरांनी मला वरकुट्याला न्यायला लावलं. माझ्या लुनाच्या मागं बसून आले. सकाळचे आठ वाजले असतील. आबा आमची वाट बघत बांधावर काठी टेकून उभे होते. मेंढरं नव्हती तरी ते रोज सकाळी माळावर चक्कर मारत. "पायांला सवय हाय," म्हणाले.

माळ म्हणजे नुसतं कुसळीचं वाळलेलं गवत आणि मधे मधे बोरीची झुडपं. एका बाजूला नवा ऊस, एका बाजूला कुणीतरी ट्रॅक्टर घालून नुकतीच फोडलेली जमीन. उरलेला माळ चालून संपवायला अर्धा तास पुरे झाला असता. आम्ही तिघं चाललो. मी सरांचा एक हात धरला होता, आबांनी दुसरा.

थोडं गेल्यावर आबांनी आम्हाला थांबवलं.

"बसलाय," ते हळूच म्हणाले.

"कोण?" सर म्हणाले.

"लांडगा. ह्याच्या आयनं माझी चार कोकरं नेली व्हती. ह्यो तिचाच. कान बघून वळाखलं."

मला दिसला. गवताच्याच रंगाचा, पाय पुढं घेऊन बसलेला, शंभरेक पावलांवर. कुत्र्यासारखा, पण कुठलंही कुत्रं एवढं निवांत बसत नाही.

"मला सांगा," सर म्हणाले. "रंग, कान, शेपूट. सगळं सांगा."

"सांगतो. पर आधी जरा गप ऱ्हावा. त्यो तुमच्याकडंच बघतोय."

"माझ्याकडं?"

"व्हय. आमच्याकडं न्हाय. तुमच्याकडं."

सरांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. माळाकडं तोंड करून ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.